‘फॉलो द रिव्हर’ : अडीच महिन्यांचं बाळ मागे ठेवून निघालेली मेरी

लेकीच्या बाळंतपणासाठी मार्चमध्ये मी इथे अमेरिकेत आले. केंटकी राज्याच्या अगदी वरच्या टोकाला तिचं घर आहे, खाली ओहायो नदी आणि पलीकडे सिनसिनाटी शहर. नदीच्या काठाकाठानं एक दुपदरी रस्ता जातो. त्याच्या पाटीवर लिहिलंय ‘मेरी इंगल्स हायवे’. तपासणीला जाता-येता ती पाटी दिसायची. जावयांना विचारलं, ही कोण बाई? ते म्हणाले, “असेल कुणीतरी जुन्या काळातली, आई. मीही कधी चौकशी केली नाही.” मग एका दुपारी इथल्या सार्वजनिक वाचनालयात गेले आणि टेबलावरच्या बाईंना तेच विचारलं. त्या उठल्या, कपाटाकडे गेल्या आणि हे पुस्तक काढून माझ्या हातात ठेवलं.

जेम्स अलेक्झांडर थॉम यांची ही कादंबरी १९८१ सालची. खिशात मावेल अशी पेपरबॅक आवृत्ती मला मिळाली. एका हातात धरता येते, हा तिचा मोठा गुण, कारण माझ्या दुसऱ्या हातात नात असायची. अक्षर मात्र फार बारीक. रात्री दोन-अडीचला पाजून झालं की लेक झोपायची आणि बाळाची ढेकर काढून मी दिव्याखाली बसायचे. अशा एकोणीस रात्रींत पुस्तक संपलं. डोळ्यांना त्रास असेल त्यांनी मोठ्या अक्षराची प्रत किंवा फोनवरची आवृत्ती घ्यावी.

मी स्वतः नर्स. भंडारदऱ्याच्या बाजूला अकोले तालुक्यातल्या उपकेंद्रात आणि नंतर ग्रामीण रुग्णालयात मिळून एकोणतीस वर्षं नोकरी केली. पुस्तकाबद्दल मी जे लिहितेय ते या कामातून आलेल्या नजरेनं लिहितेय. साहित्याची जाणकार म्हणून नाही.

आधी हकिगत. ती खरी घडलेली आहे, त्यामुळे सांगितल्यानं वाचनाची गोडी कमी होणार नाही. मेरी ड्रेपरचा जन्म १७३२ सालचा, आईवडील आयर्लंडहून आलेले. व्हर्जिनियात डोंगरांच्या पलीकडे, आज ब्लॅक्सबर्ग आहे त्या जागी, ‘ड्रेपर्स मेडो’ नावाची चार घरांची वस्ती होती. मेरी तिथे राहायची. १७५० साली विल्यम इंगल्सशी लग्न झालं, पाठोपाठ टॉमस आणि जॉर्ज हे दोन मुलगे झाले. १७५५ चा उन्हाळा. इंग्रज आणि फ्रेंच यांची लढाई पेटलेली आणि शॉनी ही तिथली मूळ रहिवासी जमात फ्रेंचांच्या बाजूला. ९ जुलैला इंग्रज सेनापती ब्रॅडॉकच्या फौजेची दाणादाण उडाली आणि सगळी सरहद्द उघडी पडली. त्याच महिन्याच्या शेवटी, ३० जुलैला, शॉनी योद्ध्यांनी ड्रेपर्स मेडोवर हल्ला केला. मेरीची आई गेली. भावजय बेटीचं तान्हं गेलं. कर्नल जेम्स पॅटन मारले गेले. विल्यम शेतात होता म्हणून वाचला. मेरी, तिचे दोन मुलगे, गोळीनं हात मोडलेली बेटी आणि एक शेजारी यांना पकडून नेलं.

महिनाभर चालवत, घोड्यावर बसवत त्यांना ओहायो नदीवरच्या शॉनी गावात आणलं. सायोटो नदी ओहायोला मिळते तिथे हे गाव होतं. इथे मुलांची ताटातूट झाली. मेरीला शिवण येत होतं. फ्रेंच व्यापाऱ्यांकडे चौकड्यांचं कापड होतं, तिनं त्याचे सदरे शिवून दिले. पुढे तिला मीठ काढायच्या कामासाठी आणखी पश्चिमेला, बिग बोन लिक या ठिकाणी नेलं. ऑक्टोबरमध्ये तिथून ती पळाली. सोबतीला होती कैदेतलीच एक म्हातारी. तिला लोक ‘डच बाई’ म्हणत, म्हणजे खरं तर जर्मन. या दोघी चाळिसाहून जास्त दिवस, शेकडो मैल, नदीचा काठ धरून परत चालत आल्या.

पुस्तकाच्या नावाचा अर्थही तोच, नदीच्या मागानं जा. पण मला तरी ही कादंबरी नदीची वाटली नाही, सुटकेचीही नाही. ती मागे राहिलेल्या बाळाची आहे.

मेरी पकडली गेली तेव्हा दिवस भरत आले होते आणि वाटेत, तिसऱ्या रात्री, जंगलात ती बाळंत झाली, असं कादंबरीत आहे. मुलगी झाली. दुसऱ्या दिवशी तिला पुन्हा घोड्यावर बसावं लागलं. हा भाग मी दोनदा वाचला. पहिल्यांदा नुसती वाचक म्हणून, दुसऱ्यांदा हातात केसपेपर असल्यासारखा. तिसरी खेप होती. तिसऱ्या खेपेला कळा भराभर येतात, हे जमून जातं. जवळ जाणती बाई कुणी नाही, बेटीचा एक हात निकामी. तरी झालं, आणि असं होतं. पावसात ओढे भरले की आमच्या वाड्यांवरून गाडी निघायची नाही. डोलीत घालून आणता-आणता वाटेतच मोकळ्या झालेल्या बाया मी पाहिल्या आहेत. नाळ विळ्यानं कापलेली, बाळ लुगड्याच्या पदरात, आणि बाई तासाभरानं स्वतःच्या पायांनी चालत आलेली. शहरातल्या वाचकाला हे प्रकरण अतिरंजित वाटेल. मला वाटलं नाही.

पुढचं मात्र वाचवत नव्हतं. पळायचं ठरलं तेव्हा ती मुलगी अडीच महिन्यांची. रडणारं बाळ घेऊन पळता येत नाही. ते दोघींनाही पकडून देईल, किंवा वाटेत आईच्या डोळ्यांसमोर उपासानं मरेल. कैदेत ठेवलं तर शॉनी बायका त्याला वाढवतील, एवढी तरी आशा. मेरी बाळ ठेवून निघाली. आईचा तो हिशेब लेखकानं ओढून-ताणून सांगितलेला नाही आणि तिला त्यासाठी दोषही दिलेला नाही. मला त्याचं फार बरं वाटलं. पुरुष लेखक इथे हमखास घसरतात. एकतर बाईला देवी करतात, नाहीतर दगड.

एक तक्रार आहे, ती इथेच सांगते. बाळ सुटल्यावर शरीराचं काय होतं, ते मला आणखी हवं होतं. अडीच महिन्यांत दूध चांगलं उतरलेलं असतं. पाजणं एकदम थांबलं की दुसऱ्या दिवशी छाती दगडासारखी होते, अंगात ताप भरतो, शेजारचं बाळ रडलं तरी पान्हा फुटतो. बाळ गेलेल्या बायांच्या छातीला आम्ही घट्ट फडकं बांधायचो. त्या भिंतीकडे तोंड करून पडायच्या. मेरी त्या अवस्थेत थंडगार ओढे ओलांडत होती. कादंबरीत उपासमारीला पानंच्या पानं आहेत. या दुखण्याला त्या मानानं जागा कमी.

आता या बाळावर इतिहासकारांचा वाद आहे, आणि वाचकाला तो माहीत असावा. मेरी परत आल्यावर तिला आणखी चार मुलं झाली. त्यांतल्या जॉननं म्हातारपणी आईची हकिगत लिहून ठेवली. त्यात या बाळाचा उल्लेख नाही. मेरीचे पणतू जॉन हेल यांनी १८८६ मध्ये छापलेल्या पुस्तकात मात्र बाळ आहे. म्हणून काही अभ्यासक म्हणतात, बाळ नव्हतंच, ते पुढच्या पिढ्यांनी घातलं. लेखकानं बाळ ठेवलं आणि सगळी कादंबरी त्याच्यावर उभी केली.

खरं काय ते मी ठरवू शकत नाही. पण ‘मुलानं लिहिलं नाही, म्हणजे झालं नाही’ हे मला पटत नाही. एकोणतीस वर्षांत किती बायांनी मला सांगितलंय, बाई, आधी एक झालं होतं, हे घरात बोलू नका. केसपेपरवर मी ‘तिसरी खेप’ लिहायचे आणि बाहेर बसलेल्या मुलाला वाटायचं, आईची दुसरी आहे. आई मुलाला सगळं सांगत नाही. आणि मेरीला तर सांगायचं होतं की मी तुझ्या बहिणीला मागे ठेवून आले. तिनं सांगितलं नसेल, किंवा सांगितलं असेल आणि त्यानं लिहिलं नसेल. लेखकानं घेतलेली बाजू माझ्या मते बाईच्या मनाला धरून आहे.

नात महिन्याची झाल्यावर एका रविवारी जावई मला बिग बोन लिकला घेऊन गेले. घरापासून गाडीनं तासाच्या आत. आता ते सरकारी ऐतिहासिक उद्यान आहे. लहानसं संग्रहालय, दलदलीवरून लाकडी पूल, कुंपणाच्या आत अमेरिकी गवे (बायसन) राखलेत. हवेला गंधकाचा वास. जमिनीतून खारं पाणी येतं, ते चाटायला हजारो वर्षांपूर्वी मॅमथ, मॅस्टोडॉन असे हत्तीसारखे अजस्र प्राणी यायचे आणि चिखलात रुतून मरायचे, म्हणून जागेचं नाव मोठ्या हाडांचं. १८०७ मध्ये राष्ट्राध्यक्ष जेफरसन यांच्यासाठी विल्यम क्लार्क यांनी इथे हाडं खणून काढली. इंगल्स घराण्यात सांगत आलेली एक गोष्ट कादंबरी वाचल्यावर डोक्यातून जात नाही. निघायच्या दिवशी एक फ्रेंच माणूस अशाच एका अजस्र हाडावर बसून अक्रोड फोडत होता. मेरीनं आपली बोथट कुऱ्हाड त्याच्या धारदार कुऱ्हाडीशी बदलून घेतली आणि द्राक्षं वेचायला जाते म्हणून निघाली. सोबत एक घोंगडी आणि ती कुऱ्हाड. बस.

त्या पुलावर उभं राहून मिठाचं काम किती जिकिरीचं असेल ते कळलं. आपल्याकडे उरण-पेणच्या मिठागरांत काम ऊन करतं. इथे खारं पाणी कढईत आटवायचं, म्हणजे दिवसभर सरपण तोडा, आणा, जाळा. ओली बाळंतीण हे करत होती.

कादंबरीचा मधला भाग लांबलाय असं पुष्कळांना वाटेल. नदी, वळण, भूक, पुन्हा नदी. मलाही तिसऱ्या-चौथ्या रात्री कंटाळा आला. मग मी नकाशा समोर ठेवून वाचायला लागले आणि कंटाळा गेला. तुम्हीही तसंच वाचा. त्याचं कारण असं की मेरीला पोहता येत नव्हतं. ओहायोला मिळणारी प्रत्येक नदी तिच्या वाटेत आडवी. मुखाशी पात्र रुंद, पाणी खोल. मग त्या नदीच्या काठानं वर चढत जायचं, उतार मिळेल तिथे ओलांडायचं, आणि पलीकडच्या काठानं तेवढंच अंतर खाली येऊन पुन्हा ओहायो धरायची. आमच्या घरापासून लिकिंग नदीचं मुख जवळच आहे. आम्ही ती पुलावरून अर्ध्या मिनिटात ओलांडतो. त्या दोघींचे त्यात दिवस गेले. हे कळलं की पानांमधला संथपणा खटकत नाही, उलट तसाच हवा असं वाटतं.

शॉनी गावाच्या समोरच्या काठावर त्यांना ओसाड झोपडीपाशी मका आणि एक म्हातारा घोडा मिळतो. बिग सँडी नदीवर वाहून आलेल्या ओंडक्यांच्या ढिगावरून घोडा न्यायला जातात आणि तो त्यात अडकतो. तिथे माझ्या तोंडून ‘अगं नको’ निघालं आणि बाळ दचकून उठलं. तिथून पुढे फक्त रानातले अक्रोड, द्राक्षं, मुळं. मुळांच्या पानांपाशी मी थांबले. आमच्या भागातल्या ठाकर आणि महादेव कोळी बाया कडूकंद खातात, पण आधी राख घालून उकळतात, पाणी काढून टाकतात, रात्रभर वाहत्या पाण्यात ठेवतात. हे ज्ञान आजीकडून आलेलं असतं. मेरीला त्या रानाची आजी नव्हती. समोरचं मूळ पोसेल की मारेल, हे तोंडात घालूनच कळायचं. सरहद्दीवरच्या गोऱ्या माणसांना ते रान ‘रिकामं’ वाटत होतं. पण शॉनी बाईला त्याच काठावर काय खायचं ते माहीत होतं. कादंबरीनं हा फरक थोडा आणखी दाखवला असता तर बरं झालं असतं. शॉनींची बाजू यात आहे, त्यांचा सरदार नुसता क्रूर रंगवलेला नाही, तरी गोष्ट शेवटी मेरीच्याच डोळ्यांतून दिसते. ती कुणाच्या जमिनीवर घर बांधून राहत होती, हा प्रश्न वाचकानं स्वतः मनात ठेवायचा.

आता म्हातारीबद्दल. तिचं खरं नाव इतिहासात उरलेलं नाही. कादंबरीत ती घेटेल आहे आणि माझ्या मते पुस्तकातलं सगळ्यात जिवंत माणूस तीच. थोराड बांधा, जर्मन वळणाचं इंग्रजी, भुकेपुढे कसलाही आडपडदा नाही. तिचं बोलणं तसंच उच्चाराप्रमाणे लिहिलंय, त्यामुळे आपल्याला वाचायला जड जातं. मी मोठ्यानं वाचलं, मग समजलं. भूक टोकाला गेल्यावर ही म्हातारी मेरीला मारून खायला उठते. हेही घराण्याच्या हकिगतीत आहे, लेखकाच्या मनचं नाही. आणि लेखकानं तिला राक्षसीण केलेलं नाही. पोषण पुनर्वसन केंद्रात ड्यूटी करताना मी आईच्या हातातला घास ओढून घेणारी चार वर्षांची पोरं पाहिली आहेत. त्यांच्या डोळ्यांत त्या वेळी कुणाची ओळख नसते. दोन आठवडे पोटात अन्न गेलं की तेच पोर हसतं. घेटेलकडे लेखक तशा नजरेनं बघतो.

मेरी अंधारात निसटते, काठावर एक होडी सापडते, वल्हं नाही म्हणून लाकडाच्या ढलपीनं वल्हवत पलीकडे जाते. सकाळी दोघी पुन्हा दिसतात, मध्ये नदी. म्हातारी हाका मारते, माफी मागते, मला घेऊन जा म्हणते. मेरी होडी परत नेत नाही. दोघी आपापल्या काठानं चालू लागतात. सबंध पुस्तकात मला याहून मोठा प्रसंग सापडला नाही. इथे मेरी बरोबर आहे आणि म्हातारीही रडतेय ते खरंच रडतेय.

शेवटचा कडा घराकडे नेणाऱ्या न्यू रिव्हर या नदीवर, एगल्स्टनजवळ. नोव्हेंबर संपत आलेला, अंगावर कपडा उरलेला नाही, पाय सुजलेले, खाली पाणी गोठायला आलेलं, आणि वाट अडवून शेकडो फूट उभा खडक. ती तो चढते. हे प्रकरण दिवसा वाचा.

पलीकडे ओळखीच्या अ‍ॅडम हार्मनचं मक्याचं शेत. तिची हाक ऐकून तो आधी बंदूक उचलतो, मग आवाज ओळखतो. यानंतर त्यानं जे केलं ते वाचून मी पुस्तक क्षणभर मिटलं. त्यानं तिला पोटभर वाढलं नाही. थोडं थोडं, पातळ, शिजवलेल्या मांसाचं पाणी दिलं, आणि सुजलेले पाय कोमट पाण्यात धुतले. आम्हाला हेच शिकवलंय. अति कुपोषित मुलाला पहिल्या दिवसांत एफ-७५ हे पातळ दूध मोजून, दर दोन तासांनी. दया येऊन कुणी भाकरी भरवली तर रक्तातले क्षार एकदम ढासळतात आणि मूल हातचं जातं. १७५५ सालच्या रानातल्या शिकाऱ्याला क्षार ठाऊक नव्हते, पण उपाशी माणसाला कसं भरवायचं ते ठाऊक होतं.

आणि थोडी शुद्ध आल्यावर मेरी त्याला म्हणते, म्हातारी मागे आहे, तिला शोधा. तो आधी नकार देतो. ती पुन्हा मागे लागते. शेवटी म्हातारी सापडते, जिवंत.

पुस्तक संपल्यावर पुढचं काय, असा प्रश्न पडेल. बेटीला तिच्या नवऱ्यानं १७६१ मध्ये सोडवून आणलं. धाकटा जॉर्ज कैदेतच गेला. थोरला टॉमस १७६८ साली परत आला तेव्हा सतरा वर्षांचा शॉनी मुलगा झालेला होता, त्याला आईची भाषा नव्याने शिकावी लागली. मेरी १८१५ पर्यंत जगली, ८३ वर्षांची होऊन गेली. बाळाबद्दल पुढे कुठेच काही नाही.

ज्यांना इंग्रजी सवयीचं आहे आणि रक्तपात, उपासमार वाचायची तयारी आहे त्यांनी हे पुस्तक जरूर घ्यावं. सुरुवातीचा हल्ला अंगावर येतो, लहान मुलांचे मृत्यू आहेत, ते झाकून ठेवलेले नाहीत. सुईणी, नर्सा, आशाताई यांनी तर वाचावंच. गरोदर बाईनं आणि ओल्या बाळंतिणीनं सध्या बाजूला ठेवावं. माझी लेक रोज विचारते, आई, रात्री काय वाचत असतेस? वाचनालयाची प्रत मी परत केली आहे आणि तिच्यासाठी एक विकत घेतली आहे, ती माझ्या बॅगेत साड्यांखाली आहे. नात वरणभात खायला लागली की देईन.